८७, ८९ की ९३?

दोस्तांनो, अमेरिकेतल्या पेट्रोल पंपावर गाडी उभी केली, की समोर तीन बटणं दिसतात. पहिल्यावर ८७, दुसऱ्यावर ८९ आणि तिसऱ्यावर ९१ किंवा ९३. आकडे पिवळ्या चौकोनात ठळक छापलेले असतात. आकडा वाढला, की भावही वाढतो. पेट्रोलला तिकडे 'गॅस' म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ते ज्याचं त्यानंच भरायचं असतं. फक्त न्यू जर्सी राज्यात स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानं मनाई आहे. तिथं पंपावरचा माणूस येऊन विचारतो, "रेग्युलर की प्रीमियम?"

आता समजा, तुमचे एक काका अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतात. त्यांनी नवीकोरी पिकअप घेतली आहे. पुढं ऐसपैस केबिन, मागं मोठा हौदा. घेताना लाखाचे कितीतरी लाख मोजले आहेत. काका पंपावर उभे आहेत आणि विचार करताहेत, "एवढी महागाची गाडी! तिला ८७ कशाला? चांगलं ९३ घालू या!"

काकांचं बरोबर आहे का?

तुमच्यापैकी बरेच जण "हो" म्हणतील. परीक्षेत ८७ पेक्षा ९३ केव्हाही चांगले. मग पेट्रोलचंही तसंच असणार! पण इथंच तर गंमत आहे. पंपावरचे हे आकडे म्हणजे पेट्रोलला मिळालेले मार्क नव्हेत. ९३ चं पेट्रोल ८७ च्या पेट्रोलपेक्षा जास्त ताकदीचं नसतं, जास्त स्वच्छही नसतं. मग हा आकडा सांगतो तरी काय? ते समजायला आधी इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल.

इंजिनाच्या पोटात

इंजिनात जाड धातूची नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. (स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर वेगळा, हा वेगळा!) प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होत असतो. त्याचं काम चार टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात दट्ट्या खाली येतो आणि हवा व पेट्रोल आत ओढलं जातं. दुसऱ्या टप्प्यात दट्ट्या वर जातो आणि ते मिश्रण दाबलं जातं. मग स्पार्क प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि तापलेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात. हा तिसरा टप्पा. गाडीला पळवणारा जोर इथंच मिळतो. चौथ्या टप्प्यात जळून गेलेले वायू बाहेर टाकले जातात. जर्मनीच्या निकोलस ओटो यांनी १८७६ मध्ये या पद्धतीचं इंजिन चालवून दाखवलं. आजही बहुतेक पेट्रोल गाड्या याच चार टप्प्यांवर धावतात.

यातला दुसरा टप्पा, मिश्रण दाबण्याचा, आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. मिश्रण जितकं जास्त दाबावं, तितका त्याच पेट्रोलमधून जास्त जोर काढता येतो. म्हणून इंजिन बनवणाऱ्यांची सारखी धडपड असते, की दाब वाढवू या.

फोर्ड कंपनीनं १९२५ मध्ये आपल्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीला कारखान्यातच मागं हौदा बसवून विकायला सुरुवात केली. शेतकऱ्यांना ती फार आवडली. धान्याची पोती, दुधाचे कॅन, कोंबड्यांची खुराडी, सगळं मागं टाकायचं आणि निघायचं! त्या गाडीच्या इंजिनात मिश्रण दाबून सुमारे चौथ्या हिश्श्याएवढं केलं जाई. आज त्याच कंपनीच्या एफ-१५० पिकअपमधलं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन ते बाराव्या हिश्श्याएवढं करतं. शंभर वर्षांत केवढा फरक पडला बघा!

ठोका कशामुळे?

पण दाब वाढवण्याला एक मर्यादा आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहिलात कधी? ते तापलेलं असतं. थोडं घर्षणामुळे तापतं, पण मुख्य कारण वेगळं आहे. हवा पटकन दाबली, की ती गरम होते. इंजिनातही तेच होतं. दट्ट्यानं मिश्रण दाबलं, की ते खूप तापतं.

ठिणगी पडली, की ज्वाला एका टोकापासून सुरू होऊन शिस्तीत पुढं सरकते. पण पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण अजून पेटलेलं नसतं. ते दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि आणखी तापतं. पेट्रोल जर उतावळं असेल, तर ज्वाला पोचायची वाट न बघता ते कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपणच भडकतं. एकदम भडका! त्याची धडक सिलिंडरच्या भिंतीला आणि दट्ट्याला बसते. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत, तसा खडखडाट ऐकू येतो. याला मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. आपण 'ठोका' म्हणू.

झोपाळ्यावर बसलेल्या मित्राला तुम्ही ढकलता ना? तो मागं येऊन पुढं जायला लागला, की त्या क्षणी धक्का दिला तर झोका उंच जातो. तो मागं येत असतानाच धाडकन धक्का दिलात तर? झोका तर जाणार नाहीच, उलट दोघांनाही लागेल. इंजिनात असा अवेळी आणि जोराचा धक्का मिनिटाला शेकडो वेळा बसला, तर दट्ट्याला खड्डे पडतात, त्याच्या कड्या तुटतात, कधीकधी दट्ट्या चक्क वितळून भोक पडतं. मग इंजिन खोलावं लागतं आणि खर्च ऐकून काकांचे डोळे पांढरे होतात!

आता कळलं? पंपावरचा आकडा, ज्याला 'ऑक्टेन' म्हणतात, तो एवढंच सांगतो, की हे पेट्रोल दाबाखाली किती संयम ठेवेल. आकडा मोठा, म्हणजे पेट्रोल जास्त धीराचं. ठिणगी पडेपर्यंत आणि ज्वाला येईपर्यंत ते थांबून राहतं.

शून्य आणि शंभर कुठून आले?

संयम मोजायचा कसा? त्याला फूटपट्टी हवी. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं ती तयार केली. त्यांनी दोन द्रव निवडले. पहिल्याचं नाव आयसोऑक्टेन. तो फार संयमी, सहज ठोका देत नाही. त्याला दिले १०० गुण. दुसरा हेप्टेन. तो अगदी उतावळा, थोडा दाब पडला की भडकला. त्याला दिला शून्य. हा शुद्ध हेप्टेन कुठून मिळे, माहीत आहे? कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतल्या जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या चिकापासून! इंजिनाची फूटपट्टी आणि तिचा शून्य झाडाच्या चिकातून आलेला.

पेट्रोल तपासायला एक खास इंजिन असतं. त्यातला दाब चालू असतानाच कमीजास्त करता येतो. एखादं पेट्रोल ८७ भाग आयसोऑक्टेन आणि १३ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखं वागलं, तर त्याचा आकडा ८७. त्यात खरोखर ८७ भाग आयसोऑक्टेन असतो असं नाही. फक्त वागणूक तशी.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही मोजणी संयमाची आहे, ताकदीची नाही. याचा पुरावा हवा? इथेनॉल घ्या. उसाच्या मळीपासून आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही ते बनतं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्याही वर जातो. पण एक लिटर इथेनॉल जाळून मिळणारी ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते. म्हणजे आकडा मोठा आणि ऊर्जा कमी! तेव्हा "मोठा आकडा म्हणजे दांडगं पेट्रोल" ही समजूत डोक्यातून काढून टाका.

तिकडचा ८७ आणि आपला ९१

तुमच्यातला एखादा चौकस दोस्त विचारील, "आपल्याकडं तर साध्या पेट्रोलला ९१ म्हणायचे. म्हणजे आपलं पेट्रोल अमेरिकेपेक्षा चांगलं?"

तसं नाही. फूटपट्टी एकच, पण मोजायच्या पद्धती दोन. पहिल्या पद्धतीत तपासणीचं इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी चालवतात. दुसरीत ९०० फेऱ्यांनी, आणि आत जाणारं मिश्रण आधीच तापवून. दुसरी परीक्षा कडक, म्हणून तिच्यातला आकडा कमी येतो. भारतात आणि युरोपात पहिल्या पद्धतीचा आकडा सांगतात. अमेरिकेत दोन्ही आकड्यांची बेरीज करून तिला दोननं भागतात, म्हणजे सरासरी काढतात. २०२० साली आपल्याकडं बीएस-६ हे मानक आलं. त्यात साध्या पेट्रोलसाठी पहिल्या पद्धतीनं किमान ९१ आणि दुसरीनं किमान ८१ असा नियम होता. करा बरं सरासरी. ८६ आली ना? म्हणजे आपला ९१ आणि त्यांचा ८७ हे जवळपास सख्खे शेजारी!

आकडा वाढवण्याची भयंकर किंमत

आता या गोष्टीतला काळा भाग. तो सांगायला हवाच, कारण त्यात तुमच्यासारख्या मुलांचं फार नुकसान झालं.

१९२० च्या सुमारास अमेरिकेत गाड्यांच्या ठोक्यानं सगळे हैराण झाले होते. जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस मिडग्ली हे संशोधक त्यावर औषध शोधत होते. ९ डिसेंबर १९२१ या दिवशी त्यांना ते सापडलं. टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग. चिमूटभर मिसळलं तरी ठोका बंद! २ फेब्रुवारी १९२३ ला ओहायो राज्यातल्या डेटन गावात असं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. त्याला नाव दिलं 'एथिल'. शिसं हा शब्द नावातून गायब!

शिसं विषारी असतं हे तेव्हाही ठाऊक होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार मरण पावले. त्यांच्या अनेक सोबत्यांना भ्रम झाला, भलतंसलतं दिसू लागलं. त्याच महिन्यात मिडग्लींनी पत्रकारांसमोर ते रसायन हातावर ओतून, त्याचा वास घेऊन दाखवला. जणू काही घाबरण्यासारखं नाहीच! खरं तर त्याआधी ते स्वतःच शिशाच्या विषबाधेनं आजारी पडले होते. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी ठोका थांबतो, हेही त्यांना माहीत होतं. पण शिसं स्वस्त पडत होतं आणि त्याचं पेटंट घेता येत होतं. मग काय, पन्नास वर्षं जगभरच्या गाड्या धुरातून शिसं ओकत राहिल्या.

शिसं शरीरात गेलं, की मेंदूवर आणि नसांवर परिणाम करतं. लहान मुलांचा मेंदू वाढत असतो, म्हणून त्यांना धोका सगळ्यात मोठा. हे पटवून देणाऱ्यांत एक डॉक्टर होते, हर्बर्ट नीडलमन. त्यांनी काय केलं असेल? अमेरिकेतल्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले! दातात शिसं साठून राहतं. दातांतलं शिसं मोजलं आणि मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचे चाचणीतले गुण कमी आले आणि त्यांचं वर्गात लक्षही कमी लागत होतं. १९७९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. तुमचा पडलेला दात छपरावर टाकण्याआधी हे आठवा. एका दातानं केवढं मोठं सत्य सांगितलं!

त्याआधी क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञानं १९६५ पासून धोक्याची घंटा वाजवली होती. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं आहे, हे मोजून काढणारे ते हेच. पृथ्वीचं वय शोधण्यासाठी दगडांतलं शिसं मोजताना त्यांना जिथं तिथं माणसानं पसरवलेलं शिसं सापडत गेलं.

हळूहळू सरकारं जागी झाली. अमेरिकेत १९७० च्या दशकात पेट्रोलमधलं शिसं कमी करायला सुरुवात झाली आणि १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पूर्ण बंद झालं. परिणाम बघा. १९७६ ते १९८० या काळात तिथल्या लोकांच्या एक डेसिलिटर रक्तात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसं होतं. १९८८ ते १९९१ या काळात ते २.८ वर आलं. भारतात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि २००० साली ते देशभर आलं. सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरिया देशानं शिशाचं पेट्रोल विकणं थांबवलं. मिडग्लींच्या शोधापासून बरोबर शंभर वर्षांनी!

आता संयम वाढवायला शिसं लागत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोलची घडणच बदलतात, शिवाय इथेनॉल मिसळतात. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये मक्यापासून बनवलेलं १० टक्के इथेनॉल असतं. आपल्याकडं २०२५ साली २० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं गेलं. पण ऑक्टेन वाढवायला कारखान्यात जास्त प्रक्रिया करावी लागते, म्हणून मोठ्या आकड्याचं पेट्रोल महाग. मग गरज नसताना ते का घ्यायचं?

मग काकांनी कोणतं बटण दाबावं?

याचं उत्तर काकांच्या मनात नाही, पंपवाल्याकडं नाही आणि जाहिरातीत तर मुळीच नाही. ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आहे. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागंही लिहिलेलं असतं. पुस्तिकेत तीनपैकी एक वाक्य सापडतं.

पहिलं, "८७ चालेल." बहुतेक पिकअप गाड्यांना एवढं पुरतं. त्यांचं इंजिन ८७ च्या संयमाचा हिशेब करूनच बनवलेलं असतं. त्यात ९३ घातलं, तर ठोका आधीही नव्हता, नंतरही नाही. फायदा शून्य, खिसा हलका.

दुसरं, "जास्त ऑक्टेनची शिफारस आहे." उदाहरणार्थ, रॅम पिकअपच्या ५.७ लिटर हेमी इंजिनाला ८७ चालतं, पण कंपनी ८९ सुचवते. शेवरोले सिल्व्हराडोच्या ६.२ लिटर इंजिनासाठी प्रीमियमची शिफारस असते. अशा इंजिनात कमी आकड्याचं भरलं, तर लगेच बिघाड होत नाही, पण जोर थोडा घटतो.

तिसरं, "जास्त ऑक्टेन आवश्यकच." काही शर्यतीच्या धाटणीच्या पिकअपना हे लागू आहे. तिथं काटकसर करायची नाही. 'शिफारस' आणि 'आवश्यक' या दोन शब्दांतला फरक म्हणून नीट वाचायचा.

कमी आकड्यानं लगेच बिघाड का होत नाही? कारण आजच्या इंजिनांना कान असतात! इंजिनाच्या अंगावर एक छोटा स्फटिक बसवलेला असतो. ठोक्याचा थरार जाणवला, की त्यातून वीज निर्माण होते. संगणक ती ओळखतो आणि ठिणगी किंचित उशिरा पाडतो. ठोका थांबतो, पण त्या बदल्यात जोर आणि ॲव्हरेज थोडं कमी होतं. जुन्या पिकअपना हे कान नव्हते. त्यांच्या बाबतीत चालकालाच खडखडाट ऐकून सावध व्हावं लागे.

ओझं, उन्हाळा आणि डोंगर

पिकअप ही नुसती फिरायची गाडी नव्हे. अमेरिकेत लोक तिच्या मागं होडी, घोड्यांची गाडी, चाकांवरचं अख्खं घर जोडून ओढत नेतात. काही पिकअप चार-पाच टन वजन ओढतात. एवढं ओझं, त्यात चढ आणि रणरणतं ऊन असलं, की सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. ठोक्याला आमंत्रणच! म्हणूनच टर्बो इंजिनाच्या एफ-१५० च्या पुस्तिकेत रोजच्यासाठी ८७ चालेल असं सांगून, जड ओझं ओढताना मात्र प्रीमियम वापरा, असा सल्ला दिलेला असतो. रोज ऑफिसला जाताना ८७ आणि सुट्टीत होडी ओढताना ९३. हा खरा शहाणपणा.

आता डोंगराकडं चला. कोलोराडो राज्यात आणि आसपास पंपांवर आणखी एक आकडा दिसतो, ८५. तिथलं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर एक अख्खं शहर वसलं आहे असं समजा! तिथं हवा विरळ. सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरली, की दाबही कमी आणि ठोकाही कमी. म्हणून कार्बोरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांना तिथं ८५ पुरायचं.

पण टर्बो असलेलं इंजिन पंख्यानं हवा कोंबून आत घालतं. त्याला विरळ हवेचा फायदा फारसा मिळत नाही. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग पुढं सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या बोगद्यातून जातो. मागं ट्रेलर लावून तो घाट चढणाऱ्या इंजिनात ८५ भरणं म्हणजे जोखीमच. शिवाय टाकी डोंगरात भरली आणि गाडी सपाटीवर उतरली, तर? हवा दाट होते, पेट्रोल तेच राहतं. म्हणून अनेक पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असतं, की उंचावरही ८७ च्या खाली जाऊ नका. आजूबाजूला स्वस्त मिळतंय म्हणून तेही खरं 'रेग्युलर' असं समजायचं नाही.

म्हणजे बघा, गरजेपेक्षा मोठा आकडा घेतला तर पैसे वाया आणि छोटा घेतला तर इंजिनाला त्रास. ट्रिपल ए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या मोठ्या संस्थेनं २०१६ मध्ये हिशेब मांडला. रेग्युलर पुरेसं असताना प्रीमियम भरणाऱ्यांनी एका वर्षात २१० कोटी डॉलर उगाच उधळले होते! पुढच्या वर्षी त्याच संस्थेनं प्रीमियमची 'शिफारस' असलेल्या काही गाड्या तपासल्या. त्यांना प्रीमियम भरल्यावर ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि जोर १.४ टक्के वाढला. भावातला फरक मात्र याहून कितीतरी जास्त होता.

आईबाबांसाठी चार गोष्टी

"प्रीमियमनं इंजिन स्वच्छ राहतं" असं सर्रास बोललं जातं. अमेरिकेत साध्या पेट्रोलमध्येही सफाईचं रसायन मिसळणं सक्तीचं आहे. स्वच्छतेचा ऑक्टेनशी संबंध नाही.

मधला ८९ हा आकडा बहुतेक पंपांवर वेगळ्या टाकीतून येत नाही. ८७ आणि प्रीमियम पंपातच एकत्र करून तो तयार होतो.

पुस्तिकेत सांगितलेलं पेट्रोल भरूनही खडखडाट थांबत नसेल, तर आकडा वाढवून आवाज दाबू नका. मेकॅनिकला दाखवा. आत काजळी साठली असेल किंवा दुसरा काही दोष असेल.

आणि आपल्याकडं बाजार समितीत भाजी घेऊन येणाऱ्या पिकअप बहुतेक डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. इंधनानं दाबाखाली स्वतःहून पेटावं हीच तिथं अपेक्षा! म्हणून डिझेलला ऑक्टेन नाही, 'सिटेन' नावाचा वेगळा आकडा असतो. तिथं उतावळेपणा हाच गुण.

हे करून पाहा

या रविवारी घरातल्या स्कूटरची, मोटारसायकलची किंवा गाडीची पुस्तिका शोधून काढा. इंधनाचं पान उघडा आणि कोणता आकडा दिलाय ते वाचा. 'किमान' लिहिलंय, 'शिफारस' की 'आवश्यक'? इथेनॉल किती टक्के चालेल तेही बघा. मग आईबाबांना विचारा, "आपण काय भरतो?" दोन्ही उत्तरं जुळली तर छान. नाही जुळली, तर पुढच्या वेळी पंपावर काय सांगायचं, ते तुम्हीच त्यांना समजावून द्या.

आणि टेक्सासच्या काकांना एवढंच कळवा, "काका, आधी पुस्तिका वाचा, मग बटण दाबा!"